दीक्षेच्या साली अंगावर पिणारी आजी

नाशिकच्या आपल्या वस्त्यांत आजीला वय विचारले की उत्तर येते, "बाबासाहेबांनी दीक्षा दिली तेव्हा मी अंगावर पीत होते." आम्हाला हा पुरावा पक्का वाटतो. दीक्षा 14 ऑक्टोबर 1956 ची. म्हणजे 14 ऑक्टोबर 2026 ला आजीची सत्तरी उलटलेली असणारच. पण आधारवर 1 जून 1960 असेल तर? शाळा जूनमध्ये भरायची, गुरुजी तीच तारीख टाकायचे. म्हणून अर्ध्या वस्तीचा वाढदिवस एकाच दिवशी!

हे हसण्यावारी नेऊ नका. सत्तरी पूर्ण झालेल्यांना आयुष्मान वय वंदना कार्डावर योजनेतील रुग्णालयांत वर्षाला 5 लाखांपर्यंत मोफत उपचार मिळतात, उत्पन्नाची अट नाही. वय मात्र आधारवरचे धरतात. आजीला हे कार्ड 2030 मध्ये मिळेल. चार वर्षे उशिरा.

आधारवरची जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलून मिळते, तेव्हा घाई नको. आधी तहसील कचेरीत आजीच्या माहेरच्या गावचे कोतवाल बुक, म्हणजे जन्ममृत्यूची जुनी नोंदवही, पाहा. नोंद सापडली तर नक्कल घ्या आणि जन्माच्या दाखल्यासाठी काय करावे लागेल ते तिथेच विचारा. घरात बाळ जन्मले तर 21 दिवसांत नोंद करा, त्याला शुल्क नाही.