किरणांमुळे होणारा कॅन्सर लसीने टळेल का?

आज आपण जरा विचित्र वाटणारा प्रश्न घेऊ. किरणोत्सर्गामुळे कॅन्सर होतो, हे आपल्याला माहीत आहे. मग विषाणूंविरुद्धची प्रतिकारशक्ती वाढवून तो टाळता येईल का? तुम्ही म्हणाल, किरणांचा आणि विषाणूंचा काय संबंध? पण उंदरांमध्ये असा संबंध खरोखर सापडला.

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात हेन्री कॅप्लन 'सी५७ ब्लॅक' जातीच्या उंदरांवर काम करत होते. आठवड्यातून एकदा, असे चार वेळा क्ष-किरण दिले की काही महिन्यांनी बहुतेक उंदरांना थायमस ग्रंथीचा लिम्फोमा व्हायचा. १९५९ साली मिरियम लिबरमन आणि कॅप्लन यांनी या गाठींचा अर्क गाळला. त्यात एकही पेशी उरली नव्हती. किरण न मिळालेल्या पिल्लांना तो टोचला, तर त्यांनाही लिम्फोमा झाला! म्हणजे अर्कात विषाणू होता. तो उंदरांमध्ये सुप्त असतो आणि किरण त्याला जागं करतात, असा तर्क निघाला.

हा तर्क खरा असेल, तर विषाणू रोखला की कॅन्सरही रोखला जायला हवा. १९७१ साली लिबरमन, मेरिगन आणि कॅप्लन यांनी किरण दिलेल्या उंदरांना इंटरफेरॉन दिलं. शरीर विषाणूंशी लढताना बनवतं, तेच हे प्रथिन. लिम्फोमाचं प्रमाण घटलं. पुढे असंही दिसलं, की हा विषाणू टोचल्यावर कुठला उंदीर तग धरतो, हे बऱ्याच अंशी त्याच्या प्रतिकारशक्तीच्या जनुकांवर ठरतं.

पण इथे थांबून विचार करायला हवा. इंटरफेरॉन फक्त विषाणूंनाच अडवतं असं नाही, ते पेशींची वाढही मंदावतं. शिवाय किरणांमुळे झालेल्या बऱ्याच गाठींत संसर्गक्षम विषाणू सापडतच नाही. त्यांत 'नॉच १', 'इकारोस' अशा जनुकांतले बिघाड दिसतात. म्हणजे किरण डीएनएवर थेटही घाव घालतात, आणि तुटलेला डीएनए लस जोडू शकत नाही.

मग हे सगळं वाया गेलं का? मुळीच नाही. विषाणू हा कॅन्सरच्या साखळीतला आवश्यक दुवा असेल, तर लस उपयोगी पडते. तैवानमध्ये १९८४ पासून बाळांना हिपॅटायटिस बीची लस दिली, आणि मुलांमधला यकृताचा कॅन्सर कमी झाला. म्हणून आधी दुवा शोधायचा, मग लस. किरणांच्या बाबतीत मात्र आजही आपली खरी ढाल एकच: गरजेपुरताच डोस.