विमानं वाचली, पण निरोप कुठे अडला?

डोक्यावरून विमान गेलं की पोरं अजूनही अंगणात धावत येतात आणि आपणही हातातलं काम थांबवून वर बघतो. एवढ्या मोठ्या आभाळात दोन विमानं एकमेकांना कशाला धडकतील, असंच वाटतं. पण जानेवारी 2022 मध्ये बंगळुरूच्या विमानतळावर तशी वेळ अगदी जवळ आली होती. आज त्याचीच गोष्ट समजून घेऊ, कारण चूक झाली ती आपल्या घरात, शेतात रोज होते तशीच होती.

बंगळुरूला शेजारी शेजारी दोन धावपट्ट्या आहेत, एक उत्तरेची आणि एक दक्षिणेची. एसटी स्टँडवर नियंत्रकाने सांगितल्याशिवाय गाडी हलत नाही, तसंच विमानाचं असतं. उंच मनोऱ्यात बसलेला हवाई वाहतूक नियंत्रक परवानगी देतो, तेव्हाच वैमानिक विमान उडवतो. त्या सकाळी उत्तरेच्या पट्टीवरून विमानं उडत होती आणि दक्षिणेच्या पट्टीवर उतरत होती. मग पाळीच्या प्रमुखाने ठरवलं, की आता दक्षिणेची पट्टी बंद ठेवायची आणि चढउतार दोन्ही उत्तरेच्याच पट्टीवरून करायची.

निर्णयात वावगं काही नव्हतं. पण दक्षिणेच्या पट्टीचं काम बघणाऱ्या नियंत्रकाला तो कळवलाच गेला नाही. त्याने आपल्या पट्टीवरच्या विमानाला उडायची परवानगी दिली. त्याच सुमारास उत्तरेच्या नियंत्रकानेही आपल्या विमानाला परवानगी दिली. एक विमान कोलकात्याला निघालं होतं, दुसरं भुवनेश्वरला. म्हणजे दोघांनाही ईशान्येकडेच जायचं होतं. दोन्ही उडाली आणि वर जाता जाता एकमेकांच्या जवळ येऊ लागली. प्रवासी आणि कर्मचारी मिळून दोन्ही विमानांत 426 माणसं होती.

उड्डाणानंतरची पहिली काही मिनिटं फार नाजूक असतात. विमान जमिनीच्या जवळ असतं, इंधनाने जड झालेलं असतं, वेग अजून वाढत असतो आणि वैमानिक कामात गुंतलेले असतात. दुसरं विमान फार जवळ आलं तर ‘वर जा’ किंवा ‘खाली या’ असं ओरडून सांगणारं एक यंत्र विमानात असतं, त्याला टीकॅस म्हणतात. पण जमिनीपासून साधारण 1000 फुटांच्या खाली ते असा हुकूम देत नाही. तिथे माणसाच्या लक्षावरच सगळं अवलंबून असतं.

त्या दिवशी ते लक्ष होतं. रडारच्या पडद्यासमोर बसलेल्या आणखी एका नियंत्रकाला दोन ठिपके जवळ येताना दिसले. त्याने लगेच दोन्ही वैमानिकांना वेगवेगळ्या दिशांना वळायला सांगितलं. विमानं लांब झाली आणि आपापल्या गावी सुखरूप उतरली.

असं प्रत्येक वेळी होत नाही. 12 नोव्हेंबर 1996 ला दिल्लीहून उडालेलं सौदी अरेबियाचं विमान आणि दिल्लीत उतरायला येणारं कझाकस्तानचं विमान हरियाणातल्या चरखी दादरीजवळ हवेत धडकली. येणाऱ्या विमानाला 15000 फुटांवर राहायला सांगितलं होतं, पण ते त्याच्याही खाली आलं. तेव्हा दिल्लीला येणारी आणि जाणारी विमानं एकाच वाटेने ये-जा करत आणि तिथल्या रडारवर विमानाची उंची दिसत नसे. 349 माणसं गेली, एकही वाचलं नाही. त्यानंतर आपल्याकडे येणाऱ्याजाणाऱ्या विमानांच्या वाटा वेगळ्या झाल्या, रडार सुधारली आणि टीकॅस सक्तीचं झालं.

आता बंगळुरूकडे परत येऊ. ही घटना तेव्हा कुठल्याही नोंदवहीत लिहिली गेली नाही. वरपर्यंत कळवलीही गेली नाही. नंतर ती देशाच्या विमान वाहतूक महासंचालनालयापर्यंत पोचली आणि चौकशी सुरू झाली. मैत्रिणींनो, मला ही गोष्ट पहिल्या चुकीइतकीच मोठी वाटते. ‘वाचलो ना, मग आता कशाला बोलायचं’ असं म्हटलं, की निरोप कुठे अडला ते कुणालाच कळत नाही आणि तीच चूक पुन्हा व्हायला मोकळी राहते.

आपल्याकडे बघा. मोटर दुरुस्त करायला कुणीतरी विहिरीवर गेलेलं असतं, घरातल्या दुसऱ्याला ते ठाऊक नसतं आणि तो लाईट आली म्हणून बटण दाबतो. माणूस थोडक्यात वाचतो. सगळे ‘देवाची कृपा’ म्हणतात आणि विसरून जातात. सासूबाईंची बीपीची गोळी सकाळी लेकाने दिलेली असते, सूनबाई तीच पुन्हा देते. वाईट कुणीच वागलेलं नसतं, फक्त एकाचं काम दुसऱ्याला कळलेलं नसतं.

विमानवाल्यांची एक सवय यावर फार उपयोगी आहे. नियंत्रकाने हुकूम दिला की वैमानिक तो आपल्या तोंडाने पुन्हा म्हणून दाखवतो. चुकीचा ऐकला असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त होतो. आपणही हे करू शकतो. ‘मी मोटरवर जातेय, बटणाला हात लावू नका’ एवढं सांगून निघून जायचं नाही. ‘काय सांगितलं मी?’ असं विचारायचं आणि उत्तर ऐकूनच निघायचं. बटणाजवळ चिठ्ठी लावायची. गोळी दिली की पाकिटावर वार लिहायचा.

आणि गटाच्या पुढच्या बैठकीत पाच मिनिटं काढा. या महिन्यात कुणाच्या घरी काय थोडक्यात टळलं, ते एकेकीने सांगायचं. कुणाला नावं ठेवायची नाहीत, हसायचं नाही, नाहीतर पुढच्या वेळी कुणी तोंड उघडणार नाही. फक्त एवढंच विचारायचं, की निरोप कुठे अडला आणि आता काय करायचं. जे ठरेल ते वहीत लिहून ठेवा.