चवदार तळ्याचा खटला पुन्हा उभा राहिला!

आपल्या वस्त्यांतून आता कायद्याचे शिक्षण घेणारी मुले-मुली दिसू लागली आहेत. ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु त्यांच्याशी बोलताना एक बाब आमच्या ध्यानी आली. महाविद्यालयात 'मूट कोर्ट' म्हणजे अभिरूप न्यायालयाची स्पर्धा जाहीर झाली की आपली मुले मागच्या बाकावर सरकतात. "तिथे वकिलांची मुले बोलतात, आम्हाला नाही जमणार," असे सांगतात.

अभिरूप न्यायालय म्हणजे सरावाचा खटला. विद्यार्थ्यांना एक प्रकरण देतात, बाजू वाटून देतात. लेखी युक्तिवाद तयार करायचा आणि न्यायासनावर बसलेल्या जाणत्यांपुढे उभे राहून तो मांडायचा. मध्येच प्रश्न येतात, त्यांना तिथल्या तिथे उत्तर द्यायचे. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या २००८ च्या नियमांत यासाठी गुणही ठेवलेले आहेत. वर्षात तीन खटले, प्रत्येकी १० गुण; ५ लेखी, ५ तोंडी. म्हणजे हा हौसेचा नव्हे, अभ्यासाचा विषय आहे.

म्हणून गेल्या वर्षावासात आम्ही रविवारी संध्याकाळी विहारातच न्यायालय भरविले. खटला निवडला चवदार तळ्याचा. १९२३ चा बोले ठराव झाला, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केले आणि २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब तेथील पाणी प्याले, हे आपल्या लहान मुलांनाही पाठ आहे. पण त्यानंतर स्पृश्यांनी बाबासाहेबांवर व त्यांच्या सहकाऱ्यांवर दावा लावला, तो उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १७ मार्च १९३७ रोजी निकाल लागला, हे किती घरांत ठाऊक आहे?

चिठ्ठ्या टाकल्या. वस्तीतल्या एका मुलीच्या वाट्याला अपीलकारांची, म्हणजे स्पृश्यांची बाजू आली. तिचे डोळे भरून आले. "बाबासाहेबांच्या विरोधात मी बोलू?" तिची आजी तर उठूनच निघाली. तेव्हा न्यायासनावर बसलेले ज्येष्ठ वकीलसाहेब म्हणाले, "बाळ, समोरच्याचं म्हणणं त्याच्याहून चांगलं ज्याला ठाऊक, तोच खटला जिंकतो."

मुलीने डोळे पुसले आणि पंधरा दिवस अभ्यास केला. तळ्याभोवती घरे आमची, पूर्वीपासून पाणी आम्हीच भरतो, तीच वहिवाट, असे तिने मुद्देसूद मांडले. ऐकताना आम्ही अस्वस्थ झालो. मग बाबासाहेबांची बाजू घेऊन एक मुलगा उभा राहिला. तो तळमळीने बोलला, टाळ्याही पडल्या. वकीलसाहेबांनी हात वर केला. "भाषण नको. वहिवाट अनादी काळापासूनची नाही, हे कशावरून? सिद्ध करायची जबाबदारी कोणाची?" मुलगा गप्प झाला. विहारात शांतता पसरली. ज्या बाजूने आपण सारे उभे, तीच त्या संध्याकाळी हरली!

पुढच्या रविवारी बाजू बदलल्या. आता त्या मुलीने सांगितले की, वहिवाटीचा आधार घेणाऱ्यानेच ती सिद्ध केली पाहिजे. अस्पृश्यांनी पाणी भरले नाही एवढ्याने त्यांचा हक्क नव्हता असे ठरत नाही. उच्च न्यायालयातही नेमके हेच घडले होते. अनादी वहिवाट स्पृश्यांना सिद्ध करता आली नाही. अस्पृश्यता नष्ट करणारे संविधानाचे १७ वे कलम तेव्हा नव्हते. होती ती पुराव्याची लढाई. पहिल्या रविवारी उठून गेलेली आजी यावेळी शेवटपर्यंत बसली.

पुढे ती मुलगी महाविद्यालयाच्या स्पर्धेत उतरली. पहिली आली नाही. उत्कृष्ट लेखी युक्तिवादाचे बक्षीस मात्र घेऊन आली. आता मागच्या बाकावर बसत नाही.

१९२३ साली मुंबईत वकिली सुरू करणारे बाबासाहेब १९३५ मध्ये शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. अमरावतीच्या फ्रेजरपुऱ्यात, नगरपालिकेच्या मराठी शाळेत शिकलेले न्यायमूर्ती भूषण गवई १४ मे २०२५ रोजी देशाचे सरन्यायाधीश झाले. त्या पदावर पोहोचलेले ते पहिले बौद्ध. ती वाट आपल्या मुलांनाही मोकळी आहे. अडते ते काळ्या कोटापाशी, प्रवासखर्चापाशी, इंग्रजीच्या धास्तीपाशी. तालुक्याच्या कोर्टात मराठी चालते, पण उच्च न्यायालयात इंग्रजीशिवाय गत्यंतर नाही.

तेव्हा समाजातील वकील बंधू-भगिनींना आमची विनंती आहे. महिन्यातील एक रविवार विहाराला द्या. जुना कोट, जुनी पुस्तके द्या. आणि आईवडिलांनो, मुलगी आरशापुढे उभी राहून एकटीच बोलत असेल तर तिला हटकू नका. ती कोणाची तरी बाजू मांडायला शिकते आहे.

जयभीम!