वेबसाईट आपली, पण किल्ल्या कुणाकडे?

समजा, वैभववाडी तालुक्यात नापणे धबधब्याजवळ एका काकांनी होमस्टे सुरू केलाय. मुंबईत नोकरी करणाऱ्या पुतण्याने वेबसाईट बनवून दिली. पासवर्ड कुठंय? तर फॅमिली व्हॉट्सॲप ग्रुपवर. तिथून तो फोटो चढवणाऱ्या मुलाकडे गेला, मग दर बदलून देणाऱ्या सायबर कॅफेत. आणि ऐन मे महिन्यात पाहुण्याचा फोन येतो, "अहो, तुमची साईट उघडली की भलतंच पान येतंय!"

आता हा नेमका कुठला पासवर्ड फुटला? कारण वेबसाईटला एकच पासवर्ड नसतो. डोमेन म्हणजे सातबारा. त्यावर पुतण्याचं नाव असेल, तर कागदोपत्री जागा पुतण्याची. होस्टिंग म्हणजे घर. आणि घरात सामान आत-बाहेर करायचं मागचं दार म्हणजे एफटीपी. घोळ या दाराशीही होतो.

एफटीपीचा पहिला आराखडा लिहिला तो एका भारतीयाने. आयआयटी कानपूरच्या पहिल्या बॅचचे अभय भूषण यांनी एप्रिल १९७१ मध्ये, एमआयटीत असताना. तेव्हा नेटवर्कवर मोजकीच विद्यापीठं आणि संशोधन संस्था होत्या, चोराची भीती कुणाला? त्यामुळे साध्या एफटीपीत पासवर्ड पोस्टकार्डासारखा उघडाच जातो. वाटेत नेटवर्कवर कान लावून बसलेला कुणीही तो वाचू शकतो.

१९९५ मध्ये फिनलंडमधल्या हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर असेच पासवर्ड चोरले गेले. त्यावर उपाय म्हणून तिथल्या तातू यलोनेन या संशोधकाने एसएसएच बनवलं. त्यावर चालणारी फाईल पाठवण्याची पद्धत म्हणजे एसएफटीपी. इथे पासवर्ड बंद पाकिटातून जातो. होस्टिंग कंपनी ही सोय देत असेल तर फाईलझिलासारख्या प्रोग्राममध्ये फक्त पर्याय बदलायचा आणि पोर्ट २१ ऐवजी बहुधा २२ टाकायचा. क्रोम आणि फायरफॉक्सने तर २०२१ मध्येच एफटीपीला रामराम ठोकला.

पण पाकीट बंद असून पुरत नाही, कारण पासवर्ड कॉम्प्युटरवरूनही चोरीला जातो. २००९ मध्ये गुम्ब्लार नावाच्या मालवेअरने हेच केलं. बाधित साईट बघणाऱ्याच्या विंडोज कॉम्प्युटरमध्ये तो शिरायचा, तिथले एफटीपी पासवर्ड उचलायचा आणि त्या माणसाच्या स्वतःच्या वेबसाईटमध्ये घुसायचा. मग तिथे येणारे पाहुणे पुढचं सावज. म्हणून सायबर कॅफेत 'पासवर्ड सेव्ह करा' म्हटलं की नाही म्हणायचं. स्वतःच्या कॉम्प्युटरवर सेव्ह करायचाच असेल, तर फाईलझिलात २०१७ पासून मास्टर पासवर्डची सोय आहे. ती सुरू करायची.

काकांनी आधी डोमेन आणि होस्टिंग स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर घ्यावं. पुतण्यावर अविश्वास नको, पण उद्या तो दुबईला गेला तर? फोटो चढवणाऱ्या मुलाला वेगळं खातं द्यावं, तेही फक्त फोटोंच्या फोल्डरपुरतं. काम संपलं की खातं बंद. दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदला हा जुना सल्ला मात्र आता विसरा. अमेरिकेच्या निस्ट या संस्थेनेही २०१७ मध्ये तो बाजूला ठेवला. पासवर्ड लांब हवा, प्रत्येक जागी वेगळा हवा. बदलायचा तो कुणी काम सोडून गेलं किंवा शंका आली की.

आणि ओटीपी? घाटाच्या पायथ्याला पावसाळ्यात रेंज गेली की एसएमएसची वाट बघत बसावं लागतं. ऑथेंटिकेटर ॲपचा कोड मात्र फोनमध्येच तयार होतो, त्याला नेटवर्क लागत नाही. सुरुवातीला मिळणारे बॅकअप कोड कागदावर लिहून कपाटात ठेवावेत, फोन विहिरीत पडला तर कामी येतात.

साईट बिघडलीच, तर क्रम महत्त्वाचा. आधी दुसऱ्या, स्वच्छ कॉम्प्युटरवरून ईमेल, डोमेन, होस्टिंग, एफटीपी आणि वर्डप्रेस असेल तर त्याचाही पासवर्ड बदलायचा. मग फाईली साफ करायच्या किंवा जुना बॅकअप चढवायचा. जुना कॉम्प्युटर तपासून होईपर्यंत नवे पासवर्ड त्यात टाकायचे नाहीत, नाहीतर तेही लगेच चोराच्या हाती. होस्टिंग कंपनीकडे लॉगिनची नोंद मागावी. कुठल्या खात्यातून, किती वाजता, कुठल्या आयपी पत्त्यावरून कोण आत आलं, ते त्यात दिसतं.