मल्लखांबाचा गुरू खरंच वानर होता का?

चीनमधल्या कुंग-फूच्या वानरशैलीची एक शाखा तुरुंगातून माकडं न्याहाळणाऱ्या कैद्यापर्यंत आपली परंपरा नेते. आपल्या नाशिककडे मल्लखांबाच्या मूळपुरुषाचा तसाच मान कोठुऱ्याच्या बाळंभटदादा देवधरांचा. सप्तशृंगीच्या कृपेनं मारुतीनंच म्हणे वानररूपात त्यांना मल्लखांब शिकवला! पण मल्लखांब ‘मल्लस्तंभ’ या नावानं १२ व्या शतकातल्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथातच आहे. म्हणजे दुसऱ्या बाजीरावाच्या पदरचे दादा या विद्येचे जनक नव्हेत, पुनरुज्जीवक. मधल्या साडेसहाशे वर्षांचा सलग धागा कुठंय, हा आक्षेप रास्तच. म्हणून तर ‘अखंड परंपरा’ म्हणणं मी टाळतो. मग कथा निव्वळ थाप? तसंही नाही. खांबावरच्या उड्या नि पकडी पाहिल्या की वानराची आठवण आपसूक होते. वंशावळ मात्र दादांनंतर दामोदरगुरू मोघ्यांसारख्या शिष्यांतूनच मोजावी.