जन्मजात न्यूनाचे ऋण

मार्च 2025 मध्ये एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहावरील औषधाच्या पेटंटची मुदत भारतात संपली आणि साठ रुपयांच्या घरातली गोळी देशी कारखान्यांनी दहा रुपयांच्या आत आणून ठेवली, ही वार्ता सर्वश्रुत आहे. परंतु ज्या मोजक्या कुटुंबांच्या जन्मजात न्यूनामुळे या औषधाच्या निर्धोकपणाची ग्वाही मिळाली, त्यांचा उल्लेख कोणी केला नाही, आणि तो करणे मला अगत्याचे वाटते.

आपली मूत्रपिंडे दररोज सुमारे 180 ग्रॅम साखर रक्तातून गाळतात आणि निरोगी देहात ती जवळजवळ सगळी रक्तात परत जमा होते. या परतीच्या वाटेवर, पेशीच्या पटलात, जकात नाक्यावरच्या कारकुनाप्रमाणे सोडियमचा परवाना पाहूनच साखरेला आत घेणारी वाहक प्रथिने बसलेली असतात. त्यांतील एसजीएलटी-2 हे एकटेच सुमारे नव्वद टक्के कारभार उरकते.

सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून 1835 मध्ये मिळालेले फ्लोरिझिन दिल्यास मूत्रावाटे साखर जाते, हे फॉन मेरिंग या संशोधकाने 1886 मध्ये दाखविले. मात्र ते द्रव्य आतड्यातील एसजीएलटी-1 या भावंडालाही अटकाव करीत असल्याने औषध म्हणून निरुपयोगी ठरले. दोहोंपैकी कोणास रोखणे सुरक्षित, याचा निर्वाळा जनुकांनी दिला. एसजीएलटी-1 च्या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असलेल्या अर्भकास आईचे दूधही बाधते, आणि वेळीच निदान न झाल्यास अतिसाराने त्याच्या जिवावर बेतते. उलट एसजीएलटी-2 च्या जनुकात दोष असलेल्या माणसांच्या मूत्रातून, तीव्र प्रकारात, दिवसाला शंभर ग्रॅमहून अधिक साखर वाहून जात असताही रक्तशर्करा समतोल राहते, मूत्रपिंडे शाबूत राहतात आणि आयुष्य बहुधा निर्वेध जाते.

म्हणूनच एसजीएलटी-2 लाच निवडून रोखणारी औषधे धैर्याने सिद्ध करता आली. आणि 2015 च्या चाचणीत, हृदयविकार जडलेल्या मधुमेही रुग्णांत, त्यांपैकीच एक असलेल्या एम्पाग्लिफ्लोझिनने हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांमुळे होणारे मृत्यू 38 टक्क्यांनी घटविले. अर्थात जननमार्गाचा संसर्ग आणि क्वचित उद्भवणारी कीटोअम्लता ध्यानी घेता, स्वस्ताईच्या भरात वैद्याचा सल्ला टाळणे हिताचे नव्हे.

दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचांचे दप्तर 2025 च्या जानेवारीत संशोधकांस खुले झाले आहे. त्यात केवळ व्याधींची कारणे शोधून थांबू नये. एखादे वाहक प्रथिन निकामी असूनही जी माणसे धडधाकट आहेत, त्यांचा संमतीपूर्वक मागोवा घ्यावा, आणि त्यांच्या देहातून लाभलेल्या ज्ञानाचे औषध सामान्यांना परवडेल अशा दरात मिळण्यासाठी पेटंटाची मुदत सरण्याची वाट पाहावी लागू नये, अशी तजवीज शासनाने आजच करावी.