विश्लेषण : खगोलभौतिकीच्या पदवीआधीचे ‘शून्य वर्ष’ कोणाला लागते, कोणाला नाही?

ब्रिटनमधील विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत ‘अॅस्ट्रोफिजिक्स’ शोधले, तर अनेकदा एकाच विद्यापीठात दोन नोंदी दिसतात. एक तीन वर्षांची पदवी. दुसरी तीच पदवी, पण नावापुढे ‘विथ फाउंडेशन इयर’ आणि मुदत चार वर्षे. परदेशी शिक्षणाच्या जाहिरातींत हे जादा वर्ष ‘हमखास प्रवेशाचा मार्ग’ म्हणून सांगितले जाते. प्रत्यक्षात तो एका ठरावीक उणिवेवरचा इलाज आहे. ती उणीव नसलेल्या विद्यार्थ्याने तो घेतला, तर एक वर्ष आणि काही लाख रुपये खर्चून तो बारावीच पुन्हा शिकतो.

फाउंडेशन इयर म्हणजे नेमके काय?

पदवीच्या पहिल्या वर्षाआधीचे तयारीचे वर्ष. विद्यापीठांच्या बोलीत त्याला ‘इयर झीरो’ म्हणजे शून्य वर्षही म्हणतात. ते ठरलेल्या गुणांनी पार केले की विद्यार्थी त्याच पदवीच्या पहिल्या वर्षात जातो आणि थेट आलेल्यांच्या शेजारी बसतो. पदवी तीच मिळते. शून्य वर्षाचे गुण साधारणपणे पदवीच्या अंतिम श्रेणीत धरले जात नाहीत. मात्र पुढे जाण्यासाठी किती गुण लागतात, हे विद्यापीठागणिक बदलते. कुठे नुसते उत्तीर्ण होणे पुरते, कुठे गणित आणि भौतिकशास्त्रासाठी वेगळी, वरची अट असते. प्रवेशपत्र हाती आल्यावर सर्वांत आधी वाचायची ओळ हीच.

मुळात त्याची गरज का पडली?

कारण इंग्लंडची शालेय पद्धत. तिथे विद्यार्थी सोळाव्या वर्षी पुढच्या दोन वर्षांच्या ‘ए लेव्हल’साठी बहुधा फक्त तीन विषय निवडतात. इतिहास, इंग्रजी आणि मानसशास्त्र घेतलेल्या मुलीला अठराव्या वर्षी कृष्णविवरांचा अभ्यास करावासा वाटला, तर दार बंद. खगोलभौतिकीला गणित आणि भौतिकशास्त्र हे दोन्ही विषय लागतात. नोकरी करून पंचविशीत शिक्षणाकडे वळणाऱ्यांचीही हीच अडचण. दूरचित्रवाणीमुळे घराघरांत पोहोचलेले भौतिकशास्त्रज्ञ ब्रायन कॉक्स यांना ‘ए लेव्हल’च्या गणितात ‘डी’ श्रेणी होती. काही वर्षे पॉप बँडमध्ये कीबोर्ड वाजवल्यावर ते मँचेस्टर विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकायला गेले. असा उशिराचा रस्ता रीतसर खुला करणे, हा शून्य वर्षाचा हेतू.

त्यावर टीकाही आहे. इंग्लंडमधील उच्चशिक्षणाचा आढावा घेणाऱ्या ऑगर समितीने २०१९मध्ये या वर्षासाठीचे सरकारी कर्ज बंद करण्याची शिफारस केली होती. हेच काम स्थानिक महाविद्यालयांतील ‘अॅक्सेस’ पदविका कमी खर्चात करते, असे तिचे म्हणणे होते. कर्ज बंद झाले नाही, पण २०२५-२६पासून वर्गात शिकवल्या जाणाऱ्या विषयांच्या शून्य वर्षाचे कमाल शुल्क स्थानिक विद्यार्थ्यांसाठी ५,७६० पौंडांवर आणले गेले. भौतिकशास्त्रासारख्या प्रयोगशाळेच्या विषयांना ही कपात लागू नाही. तिथे मर्यादा पदवीइतकीच, म्हणजे २०२५-२६मध्ये ९,५३५ पौंड होती.

या वर्षात शिकवतात काय?

कृष्णविवरे नाहीत, हे आधीच सांगितलेले बरे. शिकवतात ते बीजगणित, त्रिकोणमिती, सदिश, कॅल्क्युलस, गतिशास्त्र, तरंग, वीज आणि चुंबकत्व. जोडीला प्रयोगशाळा, मोजमापातील त्रुटींचा हिशेब, अहवाललेखन आणि काही ठिकाणी संगणकीय प्रोग्रॅमिंगची तोंडओळख. आपल्याकडच्या अकरावी-बारावी विज्ञानाची ही यादी आहे, असे कोणी म्हटले तर ते फारसे चुकीचे नाही.

मग त्याचा खगोलाशी संबंध काय? एक उदाहरण पाहू. पृथ्वी सूर्यापासून सरासरी १५ कोटी किलोमीटर अंतरावर आहे आणि ३६५ दिवसांत एक फेरी पूर्ण करते. वर्तुळाकार गतीसाठी लागणारे बल आणि न्यूटनचे गुरुत्वाकर्षणाचे बल ही दोन सूत्रे एकमेकांसमोर मांडली, की पृथ्वीचे वस्तुमान दोन्ही बाजूंनी कटते आणि समीकरणात एकच अज्ञात उरते, सूर्याचे वस्तुमान. अंतर मीटरमध्ये, काळ सेकंदांत आणि गुरुत्वस्थिरांक घालून आकडे मांडले की उत्तर येते सुमारे २ × १०³⁰ किलो, म्हणजे दोनावर तीस शून्ये. कोणी सूर्य तराजूत घातलेला नाही. हा वहीच्या एका पानाचा हिशेब आहे. हीच रीत पुढे आकाशगंगेच्या केंद्राजवळ फिरणाऱ्या ताऱ्यांना लावली, तेव्हा तिथल्या अदृश्य वस्तूचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे ४० लाख पट निघाले. त्या कामासाठी राइनहार्ड गेन्झेल आणि अँड्रिया गेझ यांना २०२०च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. त्यांचे मोजमाप अतिशय अवघड होते, पण मागचे बीजगणित याच कुळातले.

दुसरे उदाहरण लॉगॅरिदमचे. ताऱ्यांची तेजस्विता ‘प्रत’ या मापात सांगतात. पहिल्या प्रतीचा तारा सहाव्या प्रतीच्या ताऱ्यापेक्षा शंभरपट तेजस्वी दिसतो. म्हणजे पाच पायऱ्यांत शंभरपट, एका पायरीत सुमारे अडीचपट. रसायनशास्त्रात पीएच शिकलेल्याला हा प्रकार अनोळखी नाही. लॉग हातात बसला नसेल, तर पदवीच्या पहिल्या वर्षात ताऱ्यांचे अंतर काढतानाच विद्यार्थी अडखळतो.

दुर्बिणीतून पाहायला मिळते का?

मिळते. हर्टफोर्डशायर विद्यापीठाची बेफर्डबरी येथे स्वतःची वेधशाळा आहे, कील विद्यापीठाचीही आहे. पण पदवीचा बहुतांश वेळ पुंजभौतिकी, उष्मागतिकी, वर्णपटांचे विश्लेषण आणि पायथनमध्ये लिहिलेल्या प्रोग्रॅमवर जातो. केवळ आकाश पाहण्याची हौस असेल, तर जवळच्या खगोल मंडळात ती जास्त स्वस्तात आणि जास्त चांगली भागते.

महाराष्ट्रातून बारावी झालेल्याला ते लागते का?

बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित असतील आणि गुण चांगले असतील, तर बहुतेक वेळा नाही. अनेक ब्रिटिश विद्यापीठे भारतीय बारावीवर थेट पहिल्या वर्षात प्रवेश देतात. मेख टक्केवारीत आहे. सीबीएसई आणि आयएससीसाठी एक आकडा, तर राज्य मंडळांसाठी त्याहून वरचा, अशी विभागणी अनेक ठिकाणी असते. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ‘इंडिया’ या पानावर ती दिलेली असते, आणि सल्लागाराच्या कार्यालयात जाण्याआधी ती पाहणे पाच मिनिटांचे काम आहे. ऑक्सफर्ड, केंब्रिजसारख्या मोजक्या ठिकाणी अटी बऱ्याच कडक आहेत. स्कॉटलंडमध्ये पदवीच मुळात चार वर्षांची आणि तिचे पहिले वर्ष व्यापक असते. एडिंबरा किंवा सेंट अँड्र्यूजला खगोलभौतिकी शिकणारा विद्यार्थी चार वर्षेच घालवतो, पण त्याला शून्य वर्ष म्हणत नाहीत.

खरी गरज असते ती ‘पीसीबी’वाल्यांना. आपल्याकडे दहावीनंतर ‘नीट’कडे डोळे लावून गणित सोडणारे असंख्य आहेत. त्यांतल्या एखाद्याला बारावीनंतर कळते, की रुग्णालयापेक्षा आकाश जवळचे वाटते. त्याच्याकडे भौतिकशास्त्र आहे, रसायनशास्त्र आहे, फक्त गणित नाही. कला किंवा वाणिज्य शाखेतून आलेल्यांकडे दोन्ही नाहीत. गुण थोडक्यात हुकलेल्यांनाही विद्यापीठ हा पर्याय सुचवते.

एकच नाव, दोन गोष्टी

इथे सर्वाधिक गोंधळ होतो. वर सांगितलेले शून्य वर्ष हे पदवीत जोडलेले असते. त्याच विद्यापीठात, एकाच प्रवेशावर चारही वर्षे. पण अनेक विद्यापीठे ते फक्त स्थानिक विद्यार्थ्यांना देतात आणि परदेशी विद्यार्थ्यांना ‘इंटरनॅशनल फाउंडेशन’कडे वळवतात. हा स्वतंत्र अभ्यासक्रम असतो आणि अनेकदा विद्यापीठाच्या आवारातच खासगी कंपनी तो चालवते. दोन्हींना बोलताना ‘फाउंडेशन’च म्हणतात, व्हिसाच्या नियमांत मात्र फरक पडतो. पदवी स्तरावरील अभ्यासक्रमाच्या पूर्णवेळ विद्यार्थ्याला सत्र चालू असताना सहसा आठवड्याला २० तास काम करता येते, स्वतंत्र फाउंडेशनच्या विद्यार्थ्याला १० तास. शिवाय स्वतंत्र फाउंडेशन संपल्यावर पदवीसाठी पुन्हा व्हिसाचा अर्ज. सल्लागारांना विद्यार्थ्यामागे कमिशन मिळते, हे काही गुपित नाही. त्यामुळे ‘तुम्हाला फाउंडेशनच करावे लागेल’ असे कोणी म्हणाले, तर विद्यापीठाच्या प्रवेश विभागाला स्वतः ईमेल करून विचारावे. उत्तर येते.

खर्चाचे काय?

परदेशी विद्यार्थ्यांच्या शुल्काला कमाल मर्यादा नाही. विज्ञान शाखेत ते वर्षाला २० हजार पौंडांच्या आसपास किंवा त्याहून बरेच अधिक असते. त्यावर राहणे-खाणे आणि व्हिसाबरोबर आगाऊ भरावा लागणारा आरोग्य अधिभार, विद्यार्थ्यांसाठी वर्षाला ७७६ पौंड. एक जादा वर्ष म्हणजे हे सगळे आणखी एकदा, आणि शैक्षणिक कर्ज असेल तर त्यावरचे व्याजही. पदवीनंतर लगेच खगोलशास्त्रज्ञाची नोकरी मिळत नाही. त्यासाठी पीएचडी लागते. बरेच पदवीधर डेटा, सॉफ्टवेअर, वित्त किंवा अध्यापनाकडे वळतात. कर्जाचे गणित त्या पगारांवर मांडायला हवे.

इथेच राहून उणीव भरून काढता येते का?

येते, आणि याची चर्चा फारच कमी होते. राज्य मंडळाच्या बारावीच्या परीक्षेला ‘तुरळक विषय’ घेऊन बसण्याची सोय आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतही ठरावीक विषयांपुरता प्रवेश घेता येतो. असे नंतर घेतलेले गणित चालेल का, हे ज्या विद्यापीठात जायचे त्यालाच आधी विचारावे लागते. पण ‘चालेल’ असे उत्तर आले, तर परदेशातल्या शून्य वर्षाचे काम काही हजार रुपयांत होते.

‘आयसर’चा रस्ताही ‘पीसीबी’वाल्यांना पूर्ण बंद नाही. तिथल्या पाच वर्षांच्या बीएस-एमएससाठी जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र आणि गणित यांपैकी तीन विषय बारावीला असावे लागतात. प्रवेश परीक्षेत प्रश्न मात्र चारही विषयांवर येतात. म्हणजे गणित न शिकलेल्याला स्पर्धा अवघड, पण अशक्य नाही. त्या-त्या वर्षीचे माहितीपत्रक पाहूनच अर्ज करावा. पुढे खगोलभौतिकीत संशोधन करायचे, तर पुण्यातच ‘आयुका’ आणि ‘एनसीआरए’ आहेत. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची जीएमआरटी रेडिओ दुर्बीण आहे आणि तिच्यावर निरीक्षणे घेण्यासाठी जगभरातून प्रस्ताव येतात.

ब्रिटनचा निर्णय पक्का असेल, तर ‘यूकास’ या सामायिक प्रवेश यंत्रणेतून एका अर्जात पाच पर्याय देता येतात आणि वेळेत विचार व्हावा यासाठीची मुदत साधारण जानेवारीत असते. पाचपैकी काही पर्याय थेट पदवीचे आणि काही शून्य वर्षासह, असे मिश्रण चालते. थेट प्रवेश नाकारताना शून्य वर्षाची जागा देऊ करणारी विद्यापीठेही आहेत. त्यामुळे पात्रतेच्या जवळपास असलेल्याने थेट पदवीचा पर्याय अर्जातून वगळण्याचे कारण नाही.